पहिलं सहज झालं, मग आता का नाही?

ताई, नमस्कार.
मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 34. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या वेळी आम्ही ठरवलं आणि तिसऱ्या महिन्यात दिवस राहिले. सिझेरियन झालं, बाकी काही त्रास नाही. ती तीन वर्षांची झाल्यावर दुसरा चान्स घ्यायचं ठरवलं. त्याला आता अडीच वर्षं झाली. पाळी नियमित येते, बत्तीस-तेहतीस दिवसांनी. सोनोग्राफी, थायरॉइड सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी बीज वाढायच्या गोळ्या सात महिने दिल्या. बाराव्या ते चौदाव्या दिवशी जवळ यायला सांगितलं, पण त्या आठवड्यात रात्रीची लाईट असली की हे मळ्यात मोटर चालू करायला जातात. आता डॉक्टर गर्भाशयाच्या नळ्यांची तपासणी करू म्हणतात. ह्यांची एकही तपासणी झालेली नाही. म्हणतात, "माझ्यात दोष असता तर पोरगी कुठनं आली?" आमची द्राक्षबाग आहे, औषध मारायचं काम हे स्वतः करतात. दिवसाला दोन-तीन मावे खातात. सासूबाईंनी एका वैद्याची पुडी आणलीय, त्यानं मुलगाच होतो म्हणे. मामेसासरे पुण्यातलं एक सेंटर सांगतात, शंभर टक्के गॅरंटी देतात म्हणून, त्यासाठी सोनं मोडायची तयारी चाललीय. धाकट्या जावेला दिवस राहिलेत. पुढच्या महिन्यात तिचं डोहाळजेवण आहे आणि मला तिथं उभं राहवणार नाही असं वाटतं. मी रडले की सगळे म्हणतात, एक आहे ना, ज्यांना एकही नाही त्यांनी काय करावं? मग मला माझीच लाज वाटते. मी काय करू?
— एक वाचक

प्रिय ताई,

सगळ्यात आधी त्या लाजेबद्दल. एक मूल असलेल्या बाईला दुसऱ्यासाठी रडायचा हक्क नाही, हा नियम कुणी केला? आपल्या मनात घराचं एक चित्र असतं, त्यात दोन पोरं अंगणात भांडत असतात. ते चित्र दर महिन्याला पाळी आली की पुसलं जातं. त्याचं दुःख होणारच. त्याचा अर्थ तुम्हाला लेक कमी वाटते असा नाही. ज्यांना मूलच नाही त्यांचं दुःख खरं आहे आणि तुमचंही खरं आहे. दोन्ही एका तराजूत घालायची कुणाला काही गरज नाही. तुमच्यासारख्या बाईची कोंडी वेगळी असते. अर्धं गाव "दुसरं कधी?" म्हणून विचारतं आणि उरलेलं अर्धं "एक आहे ना" म्हणून गप्प करतं. रडू येईल तेव्हा रडा.

आता मुद्द्याचं बोलते. मी डॉक्टर नाही, पण तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट डोळ्यांत खुपली. अडीच वर्षं, सात महिन्यांच्या गोळ्या, सोनोग्राफ्या, आता नळ्यांची तपासणी, आणि या सगळ्या काळात फाइलवर नाव फक्त तुमचं. मूल दोघांचं, तर तपासणी एकीचीच का? दिवस न राहणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूनं काही ना काही कारण असतं, कधी एकट्या त्याच्याकडून, कधी दोघांकडून. त्यामुळे पहिल्या भेटीतच दोघांच्या तपासण्या सुरू करायच्या असतात. वीर्यतपासणी ही या साऱ्यातली सगळ्यात सोपी आणि स्वस्त. सुई नाही, भूल नाही, खर्च काही शे रुपये. ती न करता बाईला महिनोन्‌महिने गोळ्या देणं मला पटत नाही. तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा: "ह्यांची तपासणी का सांगितली नाही? माझी पाळी नियमित आहे, बीज दर महिन्याला तयार होतं, मग या गोळ्यांचा उपयोग काय?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. बीज मुळात तयार होत नसेल तेव्हा त्या गोळ्या कामाच्या, आणि तेव्हाही साधारण सहा महिन्यांपुढे त्या ओढत नाहीत. उत्तर नीट मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

हे पुढचं मी तुमच्या मालकांसाठी लिहिते आहे. त्यांना वाचायला द्या.

दादा, "पोरगी झाली म्हणजे माझ्यात दोष नाही" हे तुमचं म्हणणं तेव्हाच्या तुमच्यापुरतं खरं आहे. त्यानंतर सहा-सात वर्षं गेली. वीर्य रोज नव्यानं तयार होतं आणि शुक्राणू तयार होऊन परिपक्व व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे आजची तपासणी तुमच्या गेल्या दोन-तीन महिन्यांबद्दल सांगते, सात वर्षांपूर्वीबद्दल नाही. मागच्या साली माल चांगला आला म्हणून यंदा तुम्ही बागेचं माती आणि देठ परीक्षण टाळता का? घड कमी निघाले की पहिला नमुना लॅबला जातो. तसाच हा नमुना.

औषध मारायचं काम तुम्ही स्वतः करता म्हणून एक जुनी हकीकत सांगते. 1977 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी नावाचं रसायन तयार व्हायचं. जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं औषध. तिथल्या कामगारांच्याच बोलण्यात आलं की अलीकडे आपल्यापैकी कुणाच्या घरी पाळणा हललेला नाही. तपासण्या झाल्या तेव्हा कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू फार कमी किंवा अजिबात नव्हते. त्यातल्या काहींना आधीची मुलं होती. तब्येतीनं धडधाकट माणसं होती ती, त्यांना कसला त्रास जाणवत नव्हता. त्या रसायनावर पुढे बंदी आली. तुम्ही मारता ती औषधं वेगळी आहेत, आणि तुमच्या बाबतीत तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण काही कीटकनाशकांचा वीर्यावर वाईट परिणाम होतो हे पुष्कळ अभ्यासांतून दिसलेलं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगाच्या भीतीनं फवारण्या किती वाढतात हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे घाला, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं मारू नका, घरी आलात की आधी अंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा. गड्याला पुढे करून स्वतः बाजूला होणं हा उपाय नव्हे. त्याच्या घरीही बायको-पोरं आहेत. मोजे-मास्क दोघांना आणा.

मावा सोडा. तंबाखू ओढली तरी, चघळली तरी शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. आज सोडलात तर फरक दिसायला तीन महिने तरी द्या. एकदम जमत नसेल तर सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवण्यासाठी मदत मिळते, तिथं जायला कमीपणा वाटायचं कारण नाही.

आणि मनातली खरी भीती कदाचित वेगळीच असेल. रिपोर्टात काही निघालं तर लोक काय म्हणतील, बायकोच्या नजरेत आपण उतरू का. शुक्राणू कमी असण्याचा आणि पुरुषपणाचा काहीही संबंध नाही. शरीरसंबंध उत्तम असलेल्या माणसाच्याही वीर्यात शुक्राणू कमी असू शकतात, डोळ्यांनी पाहून ते कळत नाही. आणि कमी निघाले तरी दार बंद होत नाही. वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या असतील तर त्यावर शस्त्रक्रिया आहे, जंतुसंसर्ग असेल तर औषध आहे, संख्या अगदीच कमी असेल तरी एकेक शुक्राणू थेट बीजात सोडण्याचं तंत्र आहे. तपासलंच नाही तर यातलं काहीच करता येणार नाही.

नमुन्याबद्दलच्या दोन-चार गोष्टी कुणी नीट सांगत नाही, म्हणून लिहिते. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको. नमुना लॅबमध्येच दिलेला बरा. तिथं संकोच वाटत असेल तर आधी फोन करून विचारा, घरून आणता येतो, पण तासाभराच्या आत पोचवावा लागतो आणि वाटेत शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला धरावा लागतो. निरोधमधला नमुना चालत नाही. पूर्ण नमुना डबीत गेला पाहिजे. पहिला थेंब सांडला तर तसं लॅबमध्ये सांगा, लपवू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप, डेंग्यू, टायफॉइड झाला असेल तर तेही सांगा, त्यानं आकडे खाली येतात. रिपोर्ट खराब आला तर एकावर विश्वास ठेवू नका, अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मापांनुसार एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची रेघ धरतात. आकारानं नॉर्मल शुक्राणू अवघे 4 टक्के असले तरी ते चालतं. त्यामुळे कागदावर "नॉर्मल 4%" दिसलं म्हणून कुणी घाबरू नये, तो छापा बघून कितीतरी घरांत उगाच रडारड होते.

ताई, आता पुन्हा तुमच्याकडे.

तारखांचा घोळ आधी सोडवा. "बारा ते चौदा" हे अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं गणित आहे. बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. तुमची पाळी बत्तीस-तेहतीस दिवसांची, म्हणजे तुमचं बीज अठराव्या-एकोणिसाव्या दिवसाच्या आसपास फुटत असणार. बीज जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून तेराव्या दिवसापासून एकोणिसाव्यापर्यंत दिवसाआड जवळ आलात तरी पुरे. आतापर्यंत तुम्ही चौदाव्यालाच थांबत असाल, तर कितीतरी महिन्यांत नेमके कामाचे दिवस हातचे गेले असतील. त्यातला जो आठवडा रात्रीच्या लाईटचा येईल, त्यात मोटर चालू करायला दिराला किंवा शेजाऱ्याला सांगता येतं का बघा. नाहीतर पहाटे किंवा दुपारी वेळ काढा. रात्रीच झालं पाहिजे असं शरीर म्हणत नाही. आणि तारीख आली म्हणून जवळ येणं दोघांनाही जड जातं, त्यातून नंतर भांडणं होतात. कॅलेंडर तुमच्याकडे राहू दे, रोज त्यांना वाचून दाखवू नका.

तरीही, एवढ्यावर थांबू नका. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी, आणि बाईचं वय पस्तीस झालं असेल तर सहा महिन्यांतच, असं धरतात. तुम्ही चौतीस आहात आणि अडीच वर्षं गेली आहेत. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि दर्जा दोन्ही वेगानं उतरतात. म्हणून घाबरायचं नाही, पण आणखी एक हंगाम वाट बघण्यातही अर्थ नाही.

नळ्यांची तपासणी करून घ्या, फक्त वीर्याचा रिपोर्ट हातात आल्यावर. तिकडेच मोठं कारण निघालं तर पुढचा रस्ता बदलतो आणि ही तपासणी कदाचित लागणारही नाही. ती पाळी संपल्यावर, बीज फुटायच्या आधीच्या दिवसांत करतात. दुखतं, पण थोडा वेळ. आधी दुखण्यावरची गोळी घेऊ का, हे विचारून ठेवा, आणि सोबत कुणीतरी घेऊन जा. तुमचं पहिलं सिझेरियन झालेलं आहे, त्यामुळे आत कुठे चिकटलेलं असू शकतं. पाळी संपल्यावर दोन-चार दिवस तपकिरी डाग पडत राहतात का, यावर लक्ष ठेवा आणि पडत असतील तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. सिझेरियनच्या टाक्यांच्या जागी कधीकधी गर्भाशयात खळगा राहतो आणि तोही दिवस न राहण्याचं कारण होऊ शकतो.

नळ्या बंद निघाल्या तर आपल्या देशात एका आजाराचा विचार करावाच लागतो, तो म्हणजे क्षयरोग. छातीत काहीही नसताना, खोकला नसताना तो गर्भाशयात आणि नळ्यांत बसलेला असू शकतो. त्याचं औषध सरकारी यंत्रणेतून मोफत मिळतं आणि तो बरा होतो. मात्र एकाच तपासणीच्या जोरावर कुणी सहा महिन्यांची औषधं लिहून दिली तर आधी दुसरं मत घ्या.

एएमएच नावाची रक्ततपासणीही सांगतील. ती बीजांचा साठा किती उरला आहे याचा अंदाज देते. आपोआप दिवस राहतील की नाही हे ती सांगत नाही. आकडा कमी आला म्हणून "आता काही खरं नाही" असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. फोलिक ॲसिडची गोळी चालू नसेल तर सुरू करा, दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते ती.

कधी असंही होतं की दोघांचे सगळे रिपोर्ट नीट येतात आणि तरी दिवस राहत नाहीत. दिवस न राहणाऱ्या जोडप्यांपैकी 15 ते 30 टक्क्यांमध्ये कारण सापडतच नाही. हे ऐकायला सगळ्यात कठीण, कारण मग दोष द्यायलाही काही उरत नाही. अशा वेळी सासूबाई करणीबिरणी म्हणतील. त्यांना एवढंच सांगा की जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते, जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये हे आकडे दिलेत. एवढ्या सगळ्यांवर करणी कोण करत बसलंय?

ती पुडी मात्र घेऊ नका. मुलगा की मुलगी हे बीज फळतं त्या क्षणीच ठरतं, आणि ठरतं ते पुरुषाच्या शुक्राणूवरून. नंतर पोटात काहीही गेलं तरी ते बदलत नाही. अशा पुड्यांमध्ये काय घातलंय हे कुणी सांगत नाही. हरियाणात झालेल्या अभ्यासांत मुलगा व्हावा म्हणून गरोदरपणात औषधं घेतलेल्या बायकांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगाचं प्रमाण जास्त आढळलं आहे. सासूबाईंशी वाद नको असेल तर "डॉक्टरांनी बाकी सगळी औषधं बंद ठेवायला सांगितलीत" म्हणा आणि पुडी टाकून द्या. आणि लेकीच्या कानावर "तुला भाऊ हवा ना, देवाला सांग" हे वाक्य पडत असेल तर ते आजच थांबवा. सहा वर्षांच्या पोरीला वाटतं की मी नीट मागितलं नाही म्हणून बाळ येत नाही. तिला सांगा, "बाळ येणं कुणाच्या मागण्यावर नसतं. आलं तर आपण चौघं, नाही आलं तर आपण तिघं." पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच.

डोहाळजेवणाला जायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. मला विचाराल तर जावेला आधी एकटीला भेटा. तिला म्हणा, "तुझ्यासाठी मला आनंद आहे आणि माझ्यासाठी मला वाईट वाटतंय, दोन्ही एकदमच होतंय. त्या दिवशी मी थोडा वेळच थांबेन, राग मानू नकोस." ओटी भरून तासाभरात निघून या. आतल्या खोलीत दुखणं दाबत दिवसभर राबण्यापेक्षा हे बरं. अजिबात जाववलं नाही तर तेही चालेल, पण डोकं दुखतंय वगैरे सांगू नका. जाऊही बाई आहे, खरं सांगितलंत तर तिला कळेल.

राहिलं ते पुण्याचं सेंटर. शंभर टक्के गॅरंटी हे शब्द जिथे ऐकू येतील तिथून परत फिरा. आपल्या राज्यात टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र आता नवं राहिलेलं नाही. 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून अशी पहिली मुलगी जन्मली. पण इतक्या वर्षांनंतरही एका फेरीत यश येण्यापेक्षा अपयश येण्याचीच शक्यता जास्त असते, बाई पस्तिशीच्या आतली असली तरी. गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. 2021 च्या कायद्यानं अशा प्रत्येक केंद्राला नोंदणी बंधनकारक केली आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र पाहायला मागा, आणि मुलगाच देतो असं कुणी सुचवलं तर तो सरळ गुन्हा आहे हे लक्षात ठेवा. तुमच्या बाबतीत मुळात तिथवर जायची गरज आहे का हेच अजून कळलेलं नाही. ह्यांचा रिपोर्ट नाही, तुमच्या नळ्यांचा नाही, तारखाही चुकत होत्या. हे सगळं बघून झाल्याशिवाय सोन्याला हात लावू नका.

आणि पुढे कधी गरज पडलीच, तर पहिल्या इंजेक्शनच्या आधी तुम्ही दोघांनीच बसून ठरवा. सासूबाई नकोत, मामेसासरे नकोत. किती फेऱ्या करायच्या, किती पैसे घालायचे, कोणत्या वयापर्यंत. एका फेरीचा पूर्ण खर्च, इंजेक्शनं आणि सोनोग्राफीसकट, लेखी मागून घ्या, कारण सुरुवातीला सांगितलेल्या आकड्यात ते पुष्कळदा धरलेलं नसतं. ठरवलेली रेघ आली की थांबायचं, आणि थांबलात तर तिघांचं घर अपुरं आहे असं कुणालाही म्हणू द्यायचं नाही. बाग गहाण टाकायची नाही, आणि लेकीच्या शिक्षणासाठी काही ठेव केली असेल तर ती मोडायची नाही, हे दोन्ही त्याच कागदावर लिहा.